बांधकामावरील डोक्याची राखण



गाळप आटोपले, फडातली शेवटची मोळी उचलली गेली आणि बिलाचे पैसे खात्यावर पडू लागले, की आपल्या भागात दुसरा हंगाम सुरू होतो. तो बांधकामाचा. कुणी घरावर स्लॅब टाकतो, कुणी विहीर खोल करतो, कुणी गोठा नाहीतर गोदाम उभे करतो. मृग लागायच्या आत सारे उरकायचे असते. आणि या कामाला हात कोणाचे? पुष्कळदा त्याच तांड्यांतल्या माणसांचे, ज्यांनी थंडीभर आपला ऊस तोडला. कोयता ठेवायचा आणि थापी-घमेले उचलायचे, असे त्यांचे वर्ष चालते.

म्हणून या वेळी ऊस, खत आणि पाणी बाजूला ठेवून बांधकामावरच्या सुरक्षिततेविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही ठरविले. विषय कारखान्याबाहेरचा वाटेल, पण तो आपल्या अंगणातला आहे.

पोहरादेवी आणि आपले घर

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी आपणा सर्वांना माहीत आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाची ती काशीच. रामनवमीच्या यात्रेला देशभरातून तांडेच्या तांडे तेथे येतात. तेथे नंगाऱ्याच्या आकाराची भव्य वास्तू उभी राहिली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तिचे भूमिपूजन झाले आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. भूमिपूजनापासून उद्घाटनापर्यंत जवळजवळ सहा वर्षे गेली. यात्रेला गेलेला माणूस ती वास्तू मान वर करून पाहतो. पण इतक्या उंचीवर सळई बांधणारा, सेंट्रिंग ठोकणारा माणूस कसा उभा राहिला असेल, हा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही.

अशा मोठ्या सरकारी कामांना नियम असतात. हेल्मेट घाला, पट्टा लावा, जाळी बांधा, हे निविदेतच लिहिलेले असते. ते किती पाळले जाते हा भाग निराळा, पण नियम असतो आणि विचारणारा साहेब असतो. आता तोच गवंडी मोठे काम संपवून आठ दिवसांनी आपल्या घराच्या भिंतीवर चढतो. डोक्याला काय असते? फार तर दुपट्टा. डोके तेच, वीटही तीच. फरक एवढाच, की येथे विचारणारा कोणी नाही.

कायदा कोठपर्यंत येतो?

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला होता. आता त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० या नव्या कायद्याने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी, असे ही संहिता सांगते. सुरक्षिततेसाठी जे द्यायचे त्याचा पैसा मजुराकडून घ्यायचा नाही, हेही तिच्यात स्पष्ट आहे. म्हणजे हेल्मेट देऊन त्याचे पैसे हजेरीतून कापणे बसत नाही.

पण सभासदांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बांधकामाची जी व्याख्या या संहितेत आहे, तिच्यात दहापेक्षा कमी मजुरांचे काम येत नाही. त्याचप्रमाणे पन्नास लाख रुपयांपर्यंत खर्चाचे, स्वतःच्या राहण्यासाठी चाललेले घरकामही येत नाही. आता आपल्या गावातली कामे डोळ्यांपुढे आणा. एक मिस्त्री, दोन गवंडी, चार बिगारी. घर स्वतःचे. म्हणजे आपले बहुतेक काम बांधकामाच्या या नियमांच्या बाहेरच पडते.

याचा अर्थ काहीजण असा घेतील, की बरे झाले, कटकट नाही. आम्ही उलटा अर्थ घेतो. जेथे कायद्याचा माणूस येत नाही तेथे घरधन्याशिवाय दुसरा राखणदार नाही. माणूस पडला तर तो आपल्या दारात पडतो. त्याची बायको-पोरे उद्या आपल्याच बांधावर ऊस तोडायला येणार असतात. तेव्हा साहेब नाही म्हणून नियम नाही, असे होत नाही.

हेल्मेट काम कसे करते?

पुष्कळांना वाटते, हेल्मेट टणक असते म्हणून डोके वाचते. हे अर्धेच खरे. हेल्मेटचे दोन भाग असतात. वरचे कवच, आणि आत पट्ट्यांची जाळी. डोके कवचाला लागत नाही, ते या पट्ट्यांवर टेकते आणि मध्ये दोन-तीन बोटे पोकळी राहते. वरून वस्तू आदळली की कवच तो मार पसरवते, पट्ट्या ताणतात आणि धक्का हळू होऊन कवटीपर्यंत पोचतो. चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो ना, तसेच हे आहे.

म्हणून ती पोकळी हीच खरी राखण. काही मजूर त्या पोकळीत तंबाखूची पुडी, पाकीट, मोबाईल, हातरुमालाची घडी ठेवतात. तसे केले की मार सरळ डोक्याला बसतो. उन्हाळ्यात घामासाठी आत पातळ सुती कापड चालेल. जाड फेट्यावर मात्र हेल्मेट ठेवू नये, ते बसतच नाही. हनुवटीचा पट्टा लावलाच पाहिजे. माणूस वाकला किंवा तोल जाऊन पडला, तर पट्ट्याशिवायचे हेल्मेट त्याच्या आधी जमिनीवर पोचते.

विकत घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस २९२५ हा क्रमांक पाहावा. तो कामावरच्या हेल्मेटचा क्रमांक आहे. मोटारसायकलच्या हेल्मेटचा क्रमांक आयएस ४१५१. ते वेगळ्या कामासाठी असते. ते जड असते, कान झाकते, आणि वरून मारलेली हाक ऐकू येत नाही. कामावर ते घालू नये. जोराचा मार बसलेले हेल्मेट, तडा दिसो वा न दिसो, टाकून द्यावे. प्लॅस्टिक वर्षानुवर्षे उन्हात राहिले की ठिसूळ होते. कवचाच्या आत बनविल्याची तारीख उमटवलेली असते, ती पाहावी. त्याला रंग फासू नये, भोके पाडू नयेत, त्यावर बसू नये आणि त्यातून वाळू-पाणी वाहू नये. किंमत म्हणाल तर सिमेंटच्या एका पोत्याच्या आसपास. घराला शेकडो पोती लागतात. त्यात चार पोत्यांचा हिशेब कोण करतो?

हेल्मेट जेथे अपुरे पडते

आता जी गोष्ट सांगतो ती नीट समजून घ्यावी, कारण या लेखाचे सार तेच आहे. हेल्मेटलाही मर्यादा आहे.

युरोपातील मानकाप्रमाणे हेल्मेटची परीक्षा घेताना त्यावर ५ किलोचे वजन १ मीटरवरून सोडतात. वजन गुणिले उंची, म्हणजे ५ चा मार. आपली एक वीट साधारण ३ किलो धरू. ती एका मजल्यावरून, म्हणजे ३ मीटरवरून पडली तर तीन त्रिक ९. परीक्षेच्या जवळजवळ दुप्पट. तीच वीट १० मीटरवरून पडली तर ३०, म्हणजे सहापट. १० मीटरवरून पडलेली वस्तू खाली येईपर्यंत तासाला ५० किलोमीटरच्या वेगाने येते. हातातून निसटलेली थापी, हातोडा, खपली, डोक्याला लागणारी सळई, सेंट्रिंगची फळी, यांपासून हेल्मेट उत्तम वाचवते. विटेचा मार ते कमी करील. पण तीन मजल्यांवरच्या विटेपुढे त्याचा भरवसा धरून खाली उभे राहणे म्हणजे छत्री घेऊन गारपिटीत जाण्यासारखे.

मग काय करायचे? आधी वीट पडू द्यायची नाही. पडलीच तर मध्ये अडवायची. अडली नाही तर तिच्याखाली माणूस असता कामा नये. एवढे सारे करून जे उरते, त्यासाठी हेल्मेट. राखणीची ही चार कुंपणे आहेत आणि हेल्मेट हे शेवटचे. पहिली तीन मोडून चौथ्यावर विसंबणे हा धोका आहे. तसेच पहिली तीन आहेत म्हणून चौथे सोडणे हाही.

दूरचे आणि जवळचे धडे

पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या लोखंडी शिरस्त्राणावरून कामगारांच्या टोपीची कल्पना निघाली. १९१९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बुलार्ड कंपनीने कॅनव्हास वाफवून, त्याला सरस व काळा रंग देऊन अशी कडक टोपी बनविली. पुढे त्याच शहरात १९३३ ते १९३७ या काळात गोल्डन गेट पूल बांधला गेला. तेथे ही टोपी सक्तीची होती आणि पुलाखाली जाळे बांधले होते. त्या जाळ्याने १९ माणसांचे प्राण वाचविले. परंतु १७ फेब्रुवारी १९३७ रोजी माणसांसह एक अवजड परांचीच तुटून पडली, तिने जाळे फाडले आणि १० कामगार गेले. जाळे माणसाच्या वजनासाठी होते, परांचीच्या वजनासाठी नव्हते. एक कुंपण कितीही चांगले असले तरी ते एकटे पुरत नाही, हा त्याचा धडा.

आता जवळचे पाहा. आपल्या वाशिम जिल्ह्यातून गेलेला समृद्धी महामार्ग आज सर्वांना ठाऊक आहे. तो बांधला जात असताना २० ऑगस्ट २०२१ रोजी बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, लोखंडी सळया नेणारा टिप्पर उलटला. मजूर त्याच सळयांवर बसले होते. १३ जण मरण पावले. पुढे १ ऑगस्ट २०२३ रोजी ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे, रात्रीच्या वेळी पुलाचे गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळले. २० जणांचा बळी गेला.

या दोन्ही ठिकाणी हेल्मेटने काय केले असते? काही नाही. मालाच्या गाडीवर माणूस बसवायचा नाही, हा नियम पाळला असता तर सिंदखेडराजाचे ते मजूर वाचले असते. आणि हा नियम आपल्यालाही लागू आहे, बरं का. विटांच्या, मुरमाच्या, उसाच्या ट्रॉलीवर मजूर बसवून नेणारे आपल्यात किती आहेत हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे.

घमेले आणि चुंबळ

मोठमोठ्या पुस्तकांत न सापडणारी एक अडचण आपल्या कामांवर आहे. आपल्याकडे माल वाहतात त्या बाया, आणि वाहतात डोक्यावरून. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले. आता सांगा, हेल्मेट घालायचे कोठे? म्हणून गवंड्याला हेल्मेट मिळाले तरी त्याच्या खाली, बरोबर परांचीच्या पायथ्याशी, दिवसभर ये-जा करणारी बाई उघड्या डोक्याने राहते. खरे म्हणजे वरून पडणाऱ्या वस्तूचा धोका सर्वांत जास्त तिलाच.

हेल्मेटवर चुंबळ ठेवून वजन घेणे हा उपाय नाही. मानेला इजा होईल आणि हेल्मेटही निकामी होईल. उपाय म्हणजे डोक्यावरचे ओझे उतरविणे. जमिनीवरची ने-आण एकचाकी हातगाडीने करावी. वर चढविण्यासाठी कप्पी व दोर बांधावा, जमल्यास विजेचा छोटा लिफ्ट भाड्याने आणावा. कप्पीखाली कुणी थांबू नये. डोके मोकळे झाले की त्या बाईलाही हेल्मेट घालता येते. हे होईपर्यंत निदान तिची जायची-यायची वाट परांचीच्या बाजूने न ठेवता दुसऱ्या अंगाने ठेवावी. यात एक पैसाही खर्च नाही.

घरधन्याने पाळावयाचे नियम

परांची : बल्ल्या-बांबू किडके नसावेत, दोर कुजका नसावा. फळ्या दोन्ही टोकांना बांधलेल्या असाव्यात. कडेला कमरेइतका आडवा बांबू आणि पायाशी वीतभर उंचीची उभी फळी ठोकावी. ही वीतभर फळी म्हणजे विटेला अडविणारे कुंपण. परांचीवर विटांचा ढीग रचू नये, लागतील तेवढ्याच चढवाव्यात. शिडी लावताना चार हात उंचीला एक हात पाया बाहेर ठेवावा आणि वरचे टोक बांधावे.

स्लॅब : टेकू भुसभुशीत मातीवर उभे करू नयेत, खाली फळी द्यावी. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळून भेगाळते. अवकाळी पाऊस झाला तर टेकू पुन्हा तपासावेत. माल ओतताना खाली माणूस, पोर, जनावर काहीही नसावे. टेकू काढण्याची घाई करू नये. आयएस ४५६ या मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला किमान ७ दिवस व त्याहून मोठ्याला १४ दिवस सांगितले आहेत. ६ मीटरपर्यंतच्या तुळईला १४ आणि त्यापुढे २१ दिवस. ही कमीत कमी मुदत होय. हल्ली मिळणारे राखमिश्रित पीपीसी सिमेंट सावकाश पकडते, त्याला जास्तच दिवस द्यावेत. भाड्याची सेंट्रिंग लवकर परत करायची म्हणून टेकू काढणे फार महागात पडते.

विहीर व पाया : काठावर निघालेली माती-दगड निदान दोन हात दूर टाकावेत. विहिरीत उतरलेल्या प्रत्येकाला हेल्मेट हवेच, कारण तेथे बाजूला सरायला जागा नसते. यारीची बादली वर जात असताना खालच्यांनी एका कडेला व्हावे. छातीच्या वर खोल गेलेल्या खड्ड्याच्या बाजू सरळ उभ्या ठेवू नयेत. उतार द्यावा किंवा फळ्यांचा आधार द्यावा. एक ब्रास ओली माती चार टनांच्या वर भरते. ती अंगावर आली तर माणूस हाताने काढता येत नाही. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये, त्याच्या धुरातला विषारी वायू वास न येता माणूस मारतो.

वीज : लांब सळई किंवा लोखंडी शिडी उभी करण्याआधी वर तार आहे काय ते पाहावे. विजेच्या तारेपुढे हेल्मेटचा भरवसा धरू नये. तार जवळ असेल तर वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

मुले : कामावर आलेल्या बायांची लहान पोरे वाळूच्या ढिगावर खेळत असतात. त्यांच्यासाठी परांचीपासून दूर, सावलीची जागा घरधन्याने करून द्यावी.

डोक्याला मार लागला तर

माणसाला उचलून उभा करू नये, बसवू नये, हलवू नये. मान सरळ राहील असे धरावे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवून हलके दाबावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. आणि हे महत्त्वाचे : माणूस उठून 'काही नाही झालं' म्हणाला तरी त्याला एकटे घरी पाठवू नये. नंतर वांत्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, वाढती डोकेदुखी यांपैकी काही दिसले तर आत रक्तस्राव असू शकतो. रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

नोंदणी आणि एक सूचना

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ २०११ साली स्थापन झाले. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची तेथे नोंदणी होते. काम केल्याचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामपंचायत यांच्याकडून घ्यावा लागतो. आपल्या कामावरच्या माणसांना हे सांगावे, कागद भरायला मदत करावी. भांड्यांच्या संचासाठी धावपळ करणारे पुष्कळ दिसतात. मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेटही मिळते. ते खुंटीला टांगून न ठेवता डोक्यावर आले पाहिजे.

'गरम होते' ही तक्रार खरी आहे. आपल्या वैशाखात डोक्यावर कागद ठेवला तरी नको वाटतो. तेव्हा घरधन्याने काम पहाटे लवकर सुरू करावे, दुपारी सुट्टी द्यावी, पांढरे किंवा पिवळे हेल्मेट घ्यावे आणि थंड पाण्याचा माठ भरून ठेवावा. आणि स्वतः कामावर जाताना आधी आपल्या डोक्यावर घालावे. मालक उघड्या डोक्याने फिरत असेल तर मजुराला सांगून उपयोग नाही.

शेवटी एक सूचना. गावोगावी लग्नकार्यासाठी भांडी एकत्र घेऊन ठेवलेली असतात. ज्याच्या घरी कार्य तो घेऊन जातो आणि घासून परत करतो. तशीच प्रत्येक गावाच्या विकास सोसायटीने किंवा ऊस उत्पादकांच्या गटाने दहा-बारा हेल्मेट, एक कप्पी, चांगला दोर आणि दोन हातगाड्या घेऊन ठेवाव्यात. ज्याचे बांधकाम निघेल त्याने न्याव्यात व काम झाले की मोजून परत कराव्यात. मार बसलेले हेल्मेट परत येणार नाही, त्याची किंमत भरून नवे घ्यावे. दहा घरांनी वाटून घेतला तर हा खर्च कुणालाच जड नाही.

आपण सहकाराने कारखाना उभा केला, तो एकट्याच्या बळावर झाला नाही. ज्या हातांनी ऊस तोडला आणि घर बांधले, त्या हातांच्या मालकाचे डोके राखणे हेही त्याच सहकारात येते. या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे काम निघणार आहे त्यांनी सिमेंट-सळईच्या यादीत सर्वांत वर हेल्मेट लिहावे, एवढी आमची विनंती.